पांढऱ्या भिंतीसमोर

मंगळवार, रात्री

नवं एअर पिस्तूल घरी आलंय, पण मी त्यातून अजून एकही छर्रा सोडलेला नाही. सरांचं म्हणणं, हाताला ट्रिगर कळेपर्यंत बालेवाडीच्या शूटिंग रेंजवरसुद्धा ड्रायच, म्हणजे छर्रा न घालताच सराव करायचा. मला ते मनापासून पटलंय.

जेवणं उरकली, भाचा झोपला, मगच पेटी काढली. छर्र्यांचा डबा आईच्या कपाटात, कुलपात. सरावाला बाल्कनीकडची भिंत घेतली, कारण दुसऱ्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा हॉल आहे. नळी भिंतीकडे, बोट ट्रिगरपासून लांब. लिव्हर उघडून केशरी सेफ्टी फ्लॅग, म्हणजे पिस्तूल रिकामं असल्याची खूण म्हणून आत घातलेली पट्टी, काढायची आणि आत छर्रा नाही हे डोळ्यांनी पाहायचं. काल मीच रिकामं करून ठेवलं होतं, तरी पाहायचं. मध्येच बेल वाजली, पिस्तूल खाली ठेवलं, की परत सगळं पहिल्यापासून. याचा मला कधीच कंटाळा येत नाही. तेवढ्यात श्वास जागेवर येतो, ऑफिस डोक्यातून उतरतं.

ड्राय फायरमध्ये ट्रिगर सुटतो, हवा सुटत नाही. या पिस्तुलांना तशी सोयच असते. आवाज म्हणजे एक बारीक टिक. भिंतीवर मी काही चिकटवत नाही. समोर टार्गेट असलं की डोळा तिकडे धावतो आणि फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या टोकाकडची नेमाची खूण, धूसर होते. कोऱ्या भिंतीवर पाहायला दुसरं काही नसतं. फ्रंट साइट मागच्या खाचेत, दोन्ही बाजूंना उजेडाची सारखी पट्टी, माथे एका रेषेत. ट्रिगरचा पहिला टप्पा घ्यायचा, दुसऱ्यावर थांबायचं आणि दाब सरळ मागे वाढवत न्यायचा. टिक होते त्या क्षणी पट्ट्या सारख्याच राहिल्या का, एवढंच बघायचं. आज बोटाच्या अगदी टोकाने दाबलं तेव्हा साइट डावीकडे सरकत होती. पहिल्या पेराचा मधला भाग लावला तर जागची हलली नाही. रेंजवर हेच मी एक वाईट शॉट म्हणून सोडून दिलं असतं.

नियमाने ट्रिगरला किमान ५०० ग्रॅम वजन लागतं आणि टार्गेटवरची दहा गुणांची रिंग १० मीटरवर जेमतेम ११.५ मिलिमीटरची. बोटाचा एवढासा तिरकेपणा तिथे लगेच दिसतो. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ मध्ये इंडोनेशियात पालेमबांगला २५ मीटर पिस्तूलमध्ये एशियाडचं सोनं जिंकलं. माझा प्रकार वेगळा, पातळी तर फारच वेगळी, पण पिस्तूल उचललं की तिची आठवण येतेच.

टिक झाल्यावर हात तसाच धरून ठेवायचा, तो लगेच खाली आणायचा नाही. हा फॉलो थ्रू मला सगळ्यात आवडतो. मनगट थरथरायला लागलं की मात्र थांबायचं. थकलेल्या हाताला वाईट सवय लवकर लागते.

ग्रिपची कड अंगठ्याच्या बेचक्यात टोचतेय. लाकूड घासायचं की पुट्टी लावायची, ते शनिवारी सरांना विचारेन. तोवर कानस हातात घ्यायची नाही.