जादूवर नाही, फेट्यावर अडले

रविवारी चर्चमधली उपासना संपली की चहाच्या कपाबरोबर हा प्रश्न हमखास येतो. कधी महिला मंडळातल्या एखाद्या मावशी विचारतात, कधी नुकतंच आईबाप झालेलं जोडपं. "तुम्ही शब्बाथशाळेत शिकवता, आणि घरी मुलांना जादूची पुस्तकं वाचून दाखवता म्हणे?" शब्बाथशाळा म्हणजे चर्चमधला मुलांचा बायबलवर्ग, आणि त्या 'म्हणे'त बरंच काही असतं. चहा संपेपर्यंत माझं उत्तर काही संपत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आता सवडीने लिहिते.

हो, वाचते. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा आठ. रात्रीची कौटुंबिक प्रार्थना झाली की अर्धा तास. पुस्तक इंग्रजी, सांगणं निम्मं मराठी. दोन वर्षांपासून सी. एस. लुईसच्या नार्नियाची सात पुस्तकं चालू आहेत. कपाटातून आत गेलं की बर्फाचं जंगल लागतं, बोलणारा सिंह आहे, चेटकीण आहे. म्हणजे आक्षेपाला भरपूर जागा.

आक्षेप घेणारे बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा अठरावा अध्याय काढतात. शकुन पाहणारा, मंत्रतंत्र करणारा, मेलेल्यांना विचारणारा तुमच्यात नसावा, असं तिथे स्पष्ट आहे आणि मला ते मान्य आहे. पण ती मनाई कृतीला आहे, गोष्टीला नाही. नाहीतर शौल राजा वेश पालटून मेलेल्यांना बोलावणाऱ्या एनदोरच्या बाईकडे जातो तो अध्याय आपण शब्बाथशाळेत शिकवलाच नसता. बलामाची गाढवी बोलते. 'शास्ते' या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात झाडं आपल्यासाठी राजा शोधायला निघतात. जैतून, अंजीर, द्राक्षवेल नाही म्हणतात आणि काटेरी झुडूप लगेच तयार होतं. योथामाने ही गोष्ट डोंगरावर उभं राहून भर गावाला सांगितली. माझ्या मुलाची ती आवडती आहे.

खरा विरोध घरातच होता, सासूबाईंचा, म्हणजे आमच्या आईंचा. आणि त्यांचं म्हणणं मला या वचनांपेक्षा जड वाटलं. त्या नगरकडच्या खेड्यात वाढल्या. तिथे चेटकीण पुस्तकात नव्हती, चार घरं सोडून राहत होती. कुणाची म्हैस आटली की एखाद्या विधवेवर बोट, मग देवऋषी, मग त्या बाईचे हाल. लंडनमधल्या आईला 'विच' म्हटलं की टोकदार टोपी आठवत असेल. आमच्या आईंना एक नाव आठवतं. महाराष्ट्राला जादूटोण्याविरुद्ध कायदा २०१३ साली करावा लागला, तेव्हा ही फार जुनी गोष्ट आहे असंही नाही. "जे सोडून आलो ते पोरांच्या उशाशी कशाला?" हा त्यांचा प्रश्न होता.

मग एका संध्याकाळी कोपऱ्यावर कुणीतरी उतारा टाकलेला. कापलेलं लिंबू, कुंकू, काळी बाहुली. आईंनी नातवाचा दंड धरून त्याला थेट रस्त्याच्या पलीकडे ओढलं. बाप्तिस्म्याला पन्नास वर्षं झालेली बाई! मुलीने विचारलं, "आजी, पुस्तकातली जादू खोटी आणि ही खरी का गं?"

"गप चल," आई म्हणाल्या.

दुसऱ्या रात्री मात्र त्या लसणाचं ताट घेऊन मुलांच्या खोलीत येऊन बसल्या. "मला काय, लसूणच सोलायचाय."

त्या रात्री एडमंडचं प्रकरण आलं. चेटकीण त्याला टर्किश डिलाइट खायला घालते आणि तो आपल्या भावंडांना तिच्याकडे आणायला कबूल होतो. टर्किश डिलाइटला मी 'हलवा' म्हटलं. माहीमचा नव्हे, पण आणखी काय म्हणणार? मुलाला पटेना. हलव्यासाठी कुणी सख्ख्या बहिणीला फसवतं का? मी सांगायला लागले की पुस्तक आलं १९५० साली, तेव्हा इंग्लंडात गोडाधोडाचं रेशनिंग होतं, ते उठलं १९५३ला; त्या मुलांना पोटभर मिठाई ही केवढी चैन. आईंनी लसणावरची नजर न काढता मध्येच म्हटलं, "एसावाने मसुरीच्या आमटीवर थोरलेपण विकलं. भूक लागली की माणूस भाव करत नाही." माझ्या रेशनिंगपेक्षा हे जास्त पोचलं.

पुढे त्यांनी स्वतःहून 'यात्रिक' काढला. त्यांच्या वडिलांकडे तो होता. जॉन बनियन या इंग्रज लेखकाचं हे पुस्तक १६७८चं, आणि हरि केशवजींनी त्याचं मराठी 'यात्रिक क्रमण' केलं १८४१ साली. पहिली मराठी कादंबरी मानतात त्या बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'च्याही सोळा वर्षं आधी. त्यात निराशा नावाचा राक्षस यात्रिकाला आपल्या गढीत कोंडतो, आणि यात्रिकाला फार उशिरा आठवतं की किल्ली आपल्याच छातीशी आहे. तिचं नाव वचन. आईंनी राक्षसाचा आवाज काढून सांगितलं. राक्षस, अजगर, मंतरलेली जमीन, सगळं आमच्या मराठी मंडळीत तेव्हापासून आहे. आणि बनियनलाही लोकांनी हेच विचारलं होतं की बाबा, हे छापावं का? त्याने पुस्तकाच्या सुरुवातीला त्यावर पद्यात मोठं उत्तर दिलंय.

एक चूक मीही केली, ती लपवत नाही. सिंह दगडी मेजावर मारला जातो आणि सकाळी परत उठतो, तिथे मी लगबगीने सांगून टाकलं की हा म्हणजे येशू. मुलगी पाठ फिरवून झोपली. "म्हणजे शब्बाथशाळाच की." लुईसने लिहिलंय की ही गोष्ट त्याला प्रथम दिसली ती चित्र म्हणून: बर्फातून छत्री आणि पुडकी घेऊन जाणारा एक फॉन, अर्धा माणूस अर्धा बोकड. हे चित्र सोळाव्या वर्षापासून त्याच्या डोक्यात होतं. ज्याने चाळिशीपर्यंत दम धरला, त्याच्या पुस्तकात मला दोन रात्री दम धरवला नाही.

पण मी जिथे खरोखर अडले ती जागा वेगळी आहे, आणि तिच्याबद्दल मला आजवर कुणीच विचारलेलं नाही. १९५४च्या पुस्तकात कॅलोर्मेन नावाचा देश येतो. तिथले लोक सावळे, डोक्याला फेटे, बाकदार तलवारी. क्रूर, गुलाम विकणारे, ताश नावाच्या देवाला भजणारे. नार्नियातले गोरे, मोकळे, हसरे. वाचताना माझा आवाज पडला. मुलाने चित्राकडे पाहून म्हटलं, "हा मामाआजोबांसारखा दिसतो."

मामाआजोबा म्हणजे आईंचे थोरले भाऊ. बहिणीने बाप्तिस्मा घेतला, हे माळकरी राहिले. दर वर्षी वारी, आणि दर नाताळला आमच्याकडे बाजरीची पिशवी घेऊन हजर. डोक्याला फेटा असतोच. करंज्या खाताना "तुमच्या येशूला रामराम सांगा" म्हणतात.

पुस्तक मिटून टाकावं असं वाटलं. मिटलं नाही. मुलांना सांगितलं की लिहिणारा माणूस चांगला होता, पण फेटेवाला माणूस त्याने फारसा जवळून पाहिलेला दिसत नाही. हे एकदा सांगून भागलं नाही, पुढच्या प्रत्येक फेट्याला सांगावं लागलं. जादूच्या चिंतेने पुस्तकं तपासणारे पालक इथे का थांबत नाहीत, मला कळत नाही. आपली मुलं त्या पानात कुठल्या बाजूला दिसतात, हे बघायला नको?

गेल्या महिन्यात शेवटचं पुस्तक लागलं, १९५६चं. त्यात एमेथ नावाचा तरुण कॅलोर्मेन शिपाई आहे. हिब्रूत एमेथ म्हणजे सत्य. जन्मभर मनापासून ताशची सेवा केलेला. तो सिंहासमोर येतो, आता आपलं मरण असं समजून. सिंह त्याला जवळ घेतो आणि सांगतो की तू ताशसाठी जी सेवा केलीस ती मी माझीच धरतो.

मुलगी उठून बसली. "म्हणजे मामाआजोबा पण?"

आईंच्या हातातला लसूण थांबला. मला उत्तर सुचलं नाही. शब्बाथशाळेतलं सुचत होतं, पण ते आईंसमोर तोंडातून बाहेर येईना. म्हटलं, रविवारी पाळकसाहेबांना विचार. तिने विचारलं, चहाच्या रांगेत, सगळ्यांसमोर. पाळकसाहेबांनी अध्याय कितवा ते विचारून घेतलं आणि पुस्तक वाचायला नेलं.

तीन रविवार झाले, अजून परत दिलेलं नाही.