वाढ्यांच्या जोडीला बार्लीचा चोथा

गळीत हंगाम सुरू झाला की चिकोडी, निपाणी, अथणीकडच्या गोठ्यांत हिरव्या वैरणीची चिंता तीन-चार महिने नसते. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मुबलक. पण वाढ्यात प्रथिनं जेमतेम ५-६ टक्के, त्यामुळं दूध टिकवायला सगळा भार पेंडीवर येतो. बिअर कारखान्यातून निघणारा बार्लीचा ओला चोथा इथं खरंच उपयोगी पडतो. मात्र दराचा, साठवणीचा आणि चुन्याचा (म्हणजे कॅल्शियमचा) हिशेब न करता तो दारात उतरवून घेऊ नका.

आधी दर. चोथ्यात ७५ ते ८० टक्के पाणी असतं. १०० किलो मालात कोरडा माल २०-२५ किलो आणि त्याच्या साधारण पाव हिस्सा प्रथिनं, म्हणजे पाच-सहा किलो. १०० किलो सरकी पेंडीत हीच वीस-बावीस किलो मिळतात. थोडक्यात चार किलो चोथ्यातली प्रथिनं एक किलो पेंडीइतकी. भाडं-हमालीसकट गोठ्यापर्यंतचा दर चारनं गुणा. उत्तर पेंडीच्या दराच्या पाऊणपटीच्या आत आलं तरच घ्या, कारण थोडा माल वाया जातोच. उतरवताना मूठभर चोथा घट्ट पिळून बघा. चार-दोन थेंब पडले तर ठीक. धार लागली तर तुम्ही पाणी विकत घेताय.

चोथा कारखान्यातून गरमच निघतो, म्हणून पहिल्या दिवशीच्या उष्णतेला घाबरायचं कारण नाही. ताज्या मालाचा रंग तपकिरी आणि वास भाजलेल्या धान्यासारखा असतो. एकदा थंड झालेल्या ढिगात हात कोपरापर्यंत घातल्यावर आत पुन्हा चटका बसला, तर तो बिघडू लागलाय. उघडा ढीग उन्हाळ्यात दोन-तीन दिवस, थंडीत चार-पाच दिवस टिकतो.

त्यामुळं दोन दिवस पुरेल एवढा बाजूला ठेवून बाकीचा आल्या दिवशीच मुरवायला टाकावा. १०० किलो चोथ्याला १५ किलो कडबा कुट्टी मिसळा. कुट्टी पाणी शोषते. नाहीतर तळाला रस साचतो आणि प्रथिनं त्याबरोबर वाहून जातात. २०० लिटरच्या प्लॅस्टिक पिंपात वीतभर थर टाकायचा, तुडवायचा, मग पुढचा थर. वर प्लॅस्टिक, त्यावर वाळूच्या पिशव्या. तीन आठवड्यांनी आंबूस-गोड वास येतो. उघडलेलं पिंप आठवड्याच्या आत संपलं पाहिजे, म्हणून एकदोन जनावरं असणाऱ्यांनी छोटी पिंपं घ्यावीत. वरच्या थरात बुरशी दिसली तर नुसती बुरशी खरवडून भागत नाही, आजूबाजूचा वीतभर मालही काढायचा.

दुभत्या म्हशीला किंवा एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाईला दिवसाला ६ ते ८ किलो पुरे. दोन किलोपासून सुरू करून आठ-दहा दिवसांत तिथवर न्या. स्वस्त मिळतोय म्हणून १५-२० किलो घातला की कोरडी वैरण कमी खाल्ली जाते, शेण पातळ होतं आणि डेअरीत फॅट घसरते. तीन-चार महिन्यांच्या आतल्या वासरांना देऊ नका.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट चुन्याची. वाढ्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं आणि चोथ्यात कॅल्शियम मुळातच कमी, फॉस्फरस त्याच्या जवळजवळ दुप्पट. दोन्ही एकत्र म्हणजे हाडांतून काढून दूध देणं. नुकत्याच व्यायलेल्या जास्त दुधाच्या जनावराला हे आधी बाधतं. दुभत्या जनावराला रोज ५० ग्रॅम कॅल्साइट पावडर, ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि ३० ग्रॅम मीठ आंबोणातून (पेंड-भुशाच्या खुराकातून) द्या. चोथ्यात मीठही नगण्यच असतं. विण्याआधी दूध आटवलेल्या जनावराला मात्र ही कॅल्साइट देऊ नका. विण्याआधी कॅल्शियम जास्त झालं तर विल्यावर जनावर उठता न येता बसून राहण्याचा धोका वाढतो.

बुरशीचा चोथा पोटात गेला तर कधी कधी अंग थरथरतं, मागचे पाय लटपटतात, चालताना खूर दुमडतो. असं दिसलं की चोथा त्याच वेळी बंद करा आणि डॉक्टरांना बोलवा. कॅल्शियम कमी पडलंय असं समजून त्याची बाटली लावून वाट बघत बसू नका. टाकलेला माल उकिरड्यावर उघडा ठेवू नका, मोकळी गुरं तिथं तोंड घालतात. बेळगाव तालुक्यात बाजारातून परत आलेली रताळी गुरांपुढं टाकायची सवय आहे, तिथंही हेच. काळपट, बुरशी आलेल्या रताळ्यानं फुफ्फुसं सुजतात आणि जनावर धापा टाकायला लागतं. अशी रताळी शिजवूनही घालू नयेत.