लाल जर्सी कपाटात

आयर्लंडमधल्या लिमरिकला भाचीच्या घरी पोचलो तेव्हा तिचा नऊ वर्षांचा मुलगा मन्स्टरच्या, म्हणजे लिमरिक आणि कॉर्क दोन्ही ज्यात येतात त्या प्रांताच्या, रग्बी संघाची लाल जर्सी घडी घालून कपाटात ठेवत होता. भाची म्हणाली, "मामा, हा ती जर्सी घालून झोपतोसुद्धा." मग आजच का काढली, असं मी विचारलं. पोराने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला काहीच कळत नाही. "आजोबा, रविवारी कॉर्कशी हर्लिंगची मॅच आहे. कॉर्कचा रंग लाल. या आठवड्यात आपल्या घरात लाल नाही."

मी एकतीस वर्षं शाळेत खेळ शिकवला. खो-खोत चपळ असलेली कितीतरी पोरं आठवीत गेली की क्रिकेटच्या कोचिंगकडे वळताना पाहिली, आणि त्यांच्या आईबापांशी वाद घालून थकलो. त्यामुळे आयर्लंडला येताना माझा निष्कर्ष तयारच होता. रग्बी इंग्रजांनी आणलेला, पैशाचा, टीव्हीचा. काठी-चेंडूचा हर्लिंग आणि हातापायांनी खेळायचा गेलिक फुटबॉल हे इथल्या मातीतले. पहिला दुसऱ्याला गिळत असणार आणि आपण ते बघून हळहळत परत जाणार, असं धरून चाललो होतो.

लिमरिकला येण्याआधी डब्लिनमध्ये दोन दिवस होतो. त्यातला एक क्रोक पार्कला, हर्लिंग आणि गेलिक फुटबॉलच्या मुख्य मैदानाला, दिला. ८२,३०० माणसं मावतात इथे. रग्बीचं मोठं मैदान अवीवा, तिथे ५१,७००. म्हणजे ज्या खेळांत आजही कोणाला पगार मिळत नाही, त्यांचं मैदान धंदेवाईक खेळाच्या मैदानाहून कितीतरी मोठं. इथे जिल्ह्याकडून खेळणारा खेळाडू सकाळी शाळेत शिकवतो किंवा शेतात असतो, आणि संध्याकाळी सरावाला येतो. रग्बीत १९९५ पासून खेळाडूंना उघड पगार मिळू लागले.

एका बाजूच्या स्टँडला होगन स्टँड म्हणतात. २१ नोव्हेंबर १९२० ला इथे गेलिक फुटबॉलचा सामना चालू असताना ब्रिटिश फौजांनी गोळीबार केला. चौदा जण गेले. त्यात टिपरेरी जिल्ह्याचा खेळाडू मायकेल होगनही होता. हे ऐकल्यावर २००७ सालाचा अर्थ लागतो. तोवर या मैदानात रग्बी आणि सॉकर चालतच नसत. लान्सडाउन रोडचं रग्बीचं मैदान (आजचं अवीवा) पाडून नव्याने बांधायचं ठरलं, तेव्हा रग्बीला जागा नव्हती. २००५ मध्ये बराच वाद होऊन नियम सैल झाला आणि २४ फेब्रुवारी २००७ ला इंग्लंडचा संघ इथे रग्बी खेळायला उतरला. ब्रिटिश राष्ट्रगीत वाजणार, त्याच गवतावर. लोक काय करतील, याची सगळ्या देशाला धास्ती होती. कोणी हूं की चूं केलं नाही. मग आयर्लंडची गाणी सुरू झाली आणि जॉन हेझ हा लिमरिककडचा धिप्पाड गडी सगळ्यांसमोर रडला. तो क्षण मी नंतर भाचीच्या घरी व्हिडिओवर पाहिला आणि माझेही डोळे भरले.

आयर्लंडने तो सामना ४३-१३ असा जिंकला. त्यातला एक ट्राय, म्हणजे चेंडू रेषेपलीकडे टेकवून मिळवलेले गुण, मी पाच-सहा वेळा मागे नेऊन बघितला. आयर्लंडच्या ओ'गाराने मैदानाच्या कडेला उंच किक मारली आणि त्याच्याच संघातल्या शेन होर्गनने उडी मारून डोक्यावरून चेंडू तोडला. ती झेप रग्बीची नव्हतीच. होर्गन पोरवयात मीथ जिल्ह्याकडून गेलिक फुटबॉल खेळलेला. उंच चेंडूखाली शिरायचं, अंगाला अंग घासत वर उठायचं, हे त्या खेळातलं रोजचं काम. परक्या खेळात आपला खेळ असा फुटून वर येतो हे पाहिलं, आणि माझ्या तयार निष्कर्षाला पहिली चीर गेली.

डब्लिनहून आगगाडीने थर्लसला उतरलो. छोटं बाजारगाव. चौकातल्या हेझ हॉटेलात १ नोव्हेंबर १८८४ ला मायकेल क्युसॅकने मोजक्या माणसांना जमवून गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन काढली. इंग्रजी खेळांच्या लाटेत आपले खेळ बुडतील, ही त्याची तळमळ. आणि हा माणूस स्वतः रग्बी खेळलेला, क्रिकेटही! म्हणजे ज्याने वाचवायला घेतलं, त्याला दुसऱ्या खेळाची गोडी पुरेपूर माहीत होती. पुढे संघटनेने नियमच केला की रग्बी, सॉकर, हॉकी आणि क्रिकेट खेळणारा किंवा नुसता बघणाराही आमचा नाही. १९३८ मध्ये देशाचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड सॉकरच्या सामन्याला गेले, तर त्यांचंही संघटनेचं आश्रयदातेपद काढून घेतलं. आयरिश भाषेसाठी आयुष्य घालवलेला माणूस तो! मला हे फार लागलं. बंदी उठली १९७१ मध्ये.

थर्लसहून लिमरिक जंक्शनला गाडी बदलावी लागते. नावात लिमरिक असलं तरी ते स्टेशन टिपरेरीतच आहे.

भाचीच्या शेजारचे आजोबा ऐंशीच्या घरातले. मी खेळाचा मास्तर म्हटल्यावर ते चहाचा कप घेऊन कुंपणापाशीच उभे राहिले. तरुणपणी ते हर्लिंग खेळायचे आणि लपून रग्बी बघायला जायचे. असोसिएशनची माणसं गर्दीत फिरून कोण आलंय ते टिपायची, म्हणून टोपी डोळ्यांपर्यंत ओढून उभं राहायचं. मॉस कीन हा केरीचा गेलिक फुटबॉलवाला तर खोट्या नावाने रग्बी खेळला. तोच मॉस कीन ३१ ऑक्टोबर १९७८ ला लिमरिकच्या थोमंड पार्कवर मन्स्टरकडून न्यूझीलंडविरुद्ध उतरला आणि मन्स्टरने ऑल ब्लॅक्सना १२-० असं हरवलं. "तुम्ही होतात तिथे?" मी विचारलं. "मैदानात बारा हजार होते, पण होतो म्हणणारे लाखभर भेटतील तुम्हाला. मी त्या दिवशी ड्युटीवर होतो," आजोबा म्हणाले. अजूनही त्यांना ते सलतं.

डब्लिनमध्ये रग्बी हा मुख्यतः महागड्या खासगी शाळांचा खेळ. लिमरिकचं तसं नाही. इथे गोदीतले हमाल, रेल्वेचे कामगार, कसाई यांच्या वस्त्यांतून रग्बी वाढला. गॅरीओवेन हा इथला क्लब निघाला १८८४ मध्येच, म्हणजे तिकडे थर्लसला बैठक झाली त्याच वर्षी. उंच किक मारून तिच्यामागे सगळ्यांनी धावायचं, या डावपेचाला रग्बीत आजही गॅरीओवेन म्हणतात. एवढं झाल्यावर या शहरात कुठला खेळ आपला आणि कुठला परका, हे मी कोण सांगणार?

१८ मे २०२५, रविवार. एनिस रोडवरच्या गेलिक ग्राउंड्सकडे सगळं गाव पायी निघालेलं. हिरव्या जर्सी आणि लाल जर्सी एकाच फुटपाथवर, एकाच रांगेत, आत गेल्यावर एकाच बाकावर. पाहुण्या संघाच्या लोकांसाठी वेगळा पिंजरा नाही. माझ्या डाव्या हाताला कॉर्कची एक आजी बसली होती. तिने आमच्या पोराला सँडविच दिलं.

हर्लिंग टीव्हीवर पाहून कळत नाही. अ‍ॅशच्या लाकडाची काठी, तिला हर्ली म्हणतात, आणि मुठीएवढा चामडी चेंडू, स्लिटर. ऐंशी-नव्वद मीटरवरून मारलेला चेंडू आडव्या दांड्यावरून गेला की एक गुण आणि पांढरा झेंडा. दांड्याखालून जाळीत गेला की तीन गुण आणि हिरवा झेंडा. झेंडे हलवणारे पंच पांढऱ्या कोटात. सत्तर मिनिटांत श्वास घ्यायला सवड नाही. लाकडावर लाकूड आपटतं तो कडकडाट पार वरच्या रांगेत ऐकू येतो. चेंडू हवेत असतानाच तो फटकावणारे खेळाडू पाहून मला एकदम विटीदांडू आठवला. लिमरिकने ३-२६ विरुद्ध १-१६ असा (पहिला आकडा जाळीतल्या चेंडूंचा, दुसरा सुट्या गुणांचा), म्हणजे सोळा गुणांनी, सामना खिशात घातला. पोर ओरडून ओरडून घोगरं झालं होतं.

परतताना भाचीला विचारलं, "मोठा झाल्यावर काय खेळेल हा?" ती जरा वेळ काही बोलली नाही. शनिवारी सकाळी तो पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, क्लबात हर्लिंग खेळतो. प्रशिक्षक म्हणजे दुसऱ्या पोरांचे आईबाप, फुकट येणारे. रग्बीचा सराव रविवारी. अजून दोन्ही जमतं. सोळा-सतराव्या वर्षी रग्बीची अकादमी उंच, दणकट पोरं उचलते, पगाराची वाट दाखवते, आणि मग पॅरिशच्या संघात एक जागा रिकामी होते. कुठल्याही पोराला मी त्याबद्दल दोष देणार नाही. पण पगार नसलेल्या खेळाने हे किती वर्षं सोसायचं, याची काळजी मला वाटते आणि ती मी लपवत नाही. दुसरी काळजी लाकडाची. बुरशीच्या रोगाने आयर्लंडची अ‍ॅशची झाडं वाळत चालली आहेत. पोराची हर्ली मी हातात घेऊन पाहिली, तर ती बांबूची निघाली.

तरी हा खेळ टिकला तो बंदीने नव्हे, असं मला तिथे पक्कं वाटलं. बंदी उठून पन्नास वर्षं उलटली. २०१८ मध्ये लिमरिकने पंचेचाळीस वर्षांनी ऑल-आयर्लंड, म्हणजे हर्लिंगची देशपातळीवरची स्पर्धा, जिंकली, आणि मग २०२० पासून सलग चार. मोठे खेळाडू आजही आपापल्या पॅरिशकडून खेळतात. त्यांना दुसरा क्लब विकत घेऊ शकत नाही. ज्या दुकानात पोर दूध आणायला जातं, तिथे त्याला त्याचा हीरो भेटतो.

मी पुण्याला परतलो. ७ जूनला मन्स्टर प्रांताची हर्लिंगची फायनल, पुन्हा लिमरिक आणि कॉर्क, पुन्हा तेच मैदान. जादा वेळेनंतरही बरोबरी, आणि पेनल्टींवर कॉर्क जिंकलं. मध्यरात्र उलटून गेली होती, तरी मी फोन केला. पोर उशीत तोंड खुपसून पडलं होतं. समजूत काढायची म्हणून मी विचारलं, "लाल जर्सी आता कधी काढायची कपाटातून?"

बराच वेळ उत्तर आलं नाही. मग उशीतूनच आवाज आला, "सप्टेंबरमध्ये. रग्बी सुरू झालं की कॉर्कवालेपण आपलेच असतात."