मारुती आठशेचं सिग्नलवर मरणं थांबलं (बहुतेक)

सापडला. निदान मुख्य चोर तरी सापडला. मागच्या वेळी कार्ब (कार्ब्युरेटर) खोलून, जेट म्हणजे त्यातली पेट्रोलची बारीक भोकं फुंकून, बेस गास्केट बदलून झालं होतं आणि तरीही कोल्हापुरातल्या दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला गाडी बंद पडतच होती. तिथून पुढे.

नव्यांसाठी एवढंच: १९८९ ची आठशे, ७९६ सीसीचं एफ-८-बी इंजिन, ठिणगीसाठी जुन्या पद्धतीचे सीबी पॉइंट, कार्ब मूळचाच.

लक्षण पुन्हा नीट मांडतो, कारण सगळा खेळ त्यातच होता. सकाळी चोक ओढला की पहिल्या सेल्फला सुरू. पन्हाळ्याचा चढ बिनतक्रार. गरम झाल्यावर आयडलला (रेस न देता उभी असताना) मात्र छान गुरगुरता गुरगुरता एकदम बंद. धापा नाहीत, गचके नाहीत, कोणी किल्ली फिरवावी तशी. आणि लगेच सेल्फ मारला की पुन्हा सुरू! हे लगेच सुरू होणं महत्त्वाचं. ठिणगीची कॉइल तापून मरत असती तर थंड होईपर्यंत रुसून बसली असती. व्हेपर लॉक, म्हणजे नळीतच पेट्रोलची वाफ झाली असती, तर सेल्फ मारून मारून बॅटरी बसली असती.

मग डोकं फिरवलं ते चोकनं. चोक अर्धा ओढून ठेवला की गाडी मरतच नाही. म्हणजे मिक्सचर लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त), म्हणजे कुठून तरी फुकटची हवा येतेय, असं कोणीही म्हणेल. म्हणून इंजिन हवा किती जोरानं ओढतंय ते दाखवणारा व्हॅक्यूम गेज लावला. काटा स्थिर, पण साडेसोळावर. पुस्तकात सतरा ते एकवीस इंच लिहिलेलं. आता लीक नक्की, म्हणून पाण्याची स्प्रेची बाटली घेऊन बेस, मॅनिफोल्ड, प्रत्येक होज भिजवून काढला. (गरम मॅनिफोल्डवर कार्ब क्लीनर मारणाऱ्यांना माझा लांबूनच नमस्कार.) लीक असतं तर तिथून पाणी आत ओढलं जाऊन आयडल बदललं असतं, पण ते तसूभर हललं नाही. मग आठवलं की ते आकडे समुद्रसपाटीचे. कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर, आणि दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी धरायचा. म्हणजे साडेसोळा हे आपल्या इथं तब्येत ठणठणीत असल्याचं लक्षण! इतक्या जुन्या इंजिनानं तेवढा व्हॅक्यूम दाखवला याचा आनंद चहाबरोबर साजरा केला. समस्या होती तिथंच.

लीक नाही आणि तरी चोकनं जगते, तर मग काय उरलं? आयडल सर्किटच मधूनमधून बंद होतंय. चोक ओढल्यावर पेट्रोल मेन नोझलमधूनही ओढलं जातं, त्यामुळे आयडलचा स्लो जेट कोरडा पडला तरी इंजिन तगतं. रस्त्यावर पायाखाली रेस असली की तेच. आणि आपल्या कार्बवर आयडलचं पेट्रोल तोडणारी वस्तू एकच, सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी छोटी झडप. इग्निशन ऑन केलं की टक् करून पिन मागे जाते आणि वाट उघडते. करंट गेला की पिन पुढे, वाट बंद.

अंगणात आयडलला इंजिन चालू ठेवून त्याची वायर हातानं उपटली. अगदी तेच मरण. धाप नाही, काही नाही. जवळ उभ्या असलेल्या मुलाला मी इतका का हसतोय ते कळेना.

पण सोलेनॉइड स्वतः खराब आहे की त्याला करंट पोचत नाही? मल्टिमीटरनं बारा व्होल्ट छान दाखवले. इथं एक मत ठोकून देतो: असल्या शोधात मल्टिमीटरपेक्षा दहा रुपयांचा बल्ब लावलेला टेस्ट लॅम्प भरवशाचा. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे वायरीची एक तार शाबूत असली तरी तो बारा दाखवतो. बल्ब करंट मागतो, आणि मागितलं की खरं कळतं. माझा बल्ब पिवळट पेटला, आणि वायर हलवली की लुकलुकला.

मग तोच बल्ब लांब वायरीनं सोलेनॉइडच्या लाइनला जोडून काचेजवळ आत आणला आणि गावात फिरलो. ताराराणी चौकाच्या अलीकडे स्पीड ब्रेकरवर, पाय रेसवर असताना, बल्ब विझला आणि परत पेटला. गाडीला पत्ताही नाही. सिग्नलला थांबलो, हेडलाइट लावले, आयडल थोडं उतरलं, तीन सिलिंडरची ती ओळखीची थरथर वाढली. बल्ब गेला. इंजिन गेलं. लगेच सेल्फ मारला, त्या धक्क्यानं कनेक्शन परत बसलं, बल्ब आला, इंजिन आलं.

इग्निशन स्विचवर शंका घेणाऱ्यांना: स्विच तुटत असता तर कॉइलही गेली असती आणि गाडी चढावरही मेली असती. म्हणजे दोष स्विचनंतर सोलेनॉइडच्या वायरीचा फाटा फुटतो त्याच्या पुढचा. उकललं तर कनेक्टरची पितळी पिन पसरून हिरवी पडलेली, आणि त्याच्या मागे वायर कोणीतरी टॅपेट कव्हरला (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाला) घट्ट पट्टी मारून बांधलेली. तिथंच आतल्या तारा तुटलेल्या, वरचं आवरण मात्र नव्यासारखं.

उद्यमनगरातल्या कार्बवाल्या मामांचा उपाय वेगळा होता. "सोलेनॉइडची पिनच कापून टाकू की! निम्म्या कोल्हापुराच्या कापल्यात." कापली की आयडलला कधी मरत नाही हे खरं, पण मग किल्ली काढल्यावरही इंजिन खडखडत राहतं, आतला तापलेला कार्बन ठिणगीचं काम करतो. मामांचा हात जेटवर सोन्यासारखा आहे, पण इथं नको म्हटलं. वायरीचा तो तुकडा काढून नवा टाकला, नवी पिन क्रिम्प केली, वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी), आणि थोडी सैल सोडली. त्या निळ्या प्लास्टिकच्या रेडिमेड क्रिम्पवर माझा विश्वास नाही, थरथरत्या इंजिनावर तर नाहीच. बाजारातलं लोकल सोलेनॉइडही आणून बघितलं होतं. पिनची लांबी जुन्याशी जुळेना. ज्याच्याकडे मूळचं चालू आहे त्यानं ते जपावं.

आता सिग्नलला गाडी उभी राहते. हेडलाइट, वायपर, ब्लोअर, सगळं लावून बघितलं. मरत नाही.

"बहुतेक" एवढ्यासाठी की लाइट लावल्यावर आयडल अजूनही जरा जास्तच उतरतं. थोडं श्रेय पंपावरच्या ई-२० ला, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, मिक्सचर तेवढं लीन होतं, आणि आपल्या कार्बला ते स्वतःहून कळत नाही. मिक्सचर स्क्रू पाव आटा बाहेर घेतल्यावर आवाज गोल झाला. रबरी होज तर आधीच इथेनॉल झेलणारे टाकलेत.

पुढचा बेत सोलेनॉइडला वेगळा रिले (विजेवर चालणारा स्विच) द्यायचा होता, सामानही आणलंय. पण हे लिहिता लिहिता वाटतंय की आधी इंजिनची अर्थिंग बघावी. लाइट लावल्यावर इंजिन आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये किती व्होल्ट पडतात ते मोजलेलंच नाही. पॉइंट दोनच्या वर निघाले तर रिले राहू दे बाजूला, इंजिनची अर्थ पट्टी आधी बदलतो. तांब्याची विणलेली पट्टी मीटरच्या मापानं कापून कुठं मिळते ते कोणाला माहीत असेल तर सांगा, आणि जाडी किती घेतली तेही.