नऊ-सोळाचा पाना

मामानं चावी माझ्या हातात ठेवली तेव्हा एवढंच म्हणाला, "ब्रेक दोनदा दाबायचा, बाकी गाडी ओके हाय." आता ज्या गाडीबद्दल तो हे सांगत होता तिच्या मागच्या सीटवर त्यावेळी एक कोंबडी अंड्यांवर बसली होती, चारही टायर जमिनीला टेकले होते आणि बॅटरीच्या जागी नुसत्या दोन वायरी लोंबत होत्या. बाकी ओके.

गाडी म्हणजे महिंद्राची एमएम ५४० जीप, १९८९ ची. आधी एका सरकारी खात्यात होती, तिथून लिलावात मामाकडं आली. मामाचं गाव गगनबावड्याच्या अंगाला, तिकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको, जूनला लागतो आणि गणपती गेले तरी हा काय जायचं नाव घेत नाही. त्या चिखलात वीसेक वर्षं ही जीप चालली. दुधाचे कॅन, अडलेली बाळंतीण, निवडणुकीचा भोंगा, वऱ्हाड, आणि अधनंमधनं वडाप. वडाप म्हणजे काय हे कोल्हापूर-सांगली-साताऱ्याबाहेरच्यांना समजावणं अवघड आहे, जीपमधे माणसं भरायची, ती भरली की अजून चार भरायची आणि मग ड्रायव्हरनं अर्धं अंग बाहेर काढून गाडी चालवायची, असं ते साधारण असतं. मागं लटकणाऱ्यांसाठी मामानं गावातल्या वेल्डरकडून एक आडवा पाईप मारून घेतला होता, धरायला. त्या पाईपची गोष्ट पुढं येईल.

मग रस्ते झाले, मामाची पंच्याहत्तरी आली, पोरं पुण्यात सेटल झाली, आणि जीप गोठ्याशेजारी कडब्याखाली गेली. भंगारवाला वजनावर भाव करत होता त्या दिवशी मी योगायोगानं तिथं होतो आणि तोंडातून निघून गेलं, मला द्या. एवढंच. यात कुठलं स्वप्न वगैरे नव्हतं. टेम्पोत घालून कोल्हापूरला आणली, आमच्या रो-हाऊसच्या पार्किंगमधे ढकलली, आणि बायको म्हणाली, "अहो, ही आत आणि माझी स्कूटी बाहेर, असं किती दिवस?" मी म्हटलं सहा महिने. दीड वर्षं लागलं.

पहिल्याच रविवारी मी हरलो, आणि तेही एका नटापुढं. माझ्याकडं पान्यांचा सेट होता, चांगला, मिलिमीटरचा. मागच्या पाट्याचे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगचे, यू-बोल्ट सोडवायला गेलो तर चौदाचा पाना जाईना आणि पंधराचा फिरे. मला वाटलं गंज असेल, म्हणून तारेच्या ब्रशनं घासलं, रात्रभर डिझेल सोडून ठेवलं, सकाळी परत तेच. शेवटी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींना फोन केला, ते आले, नुसतं बघितलं आणि खिशातून काढावा तसा पाना काढला. "नऊ-सोळाचा लागतोय साहेब. ह्ये इंची हाय." नऊ-सोळा म्हणजे इंचाचे नऊ भागिले सोळा, म्हणजे १४.२९ मिलिमीटर. त्या पॉईंट दोन नऊनं माझा अख्खा रविवार खाल्ला होता.

मग मी शहाणा झालो आणि पूर्ण इंची सेट घेऊन आलो, आणि पुढच्या रविवारी इंजिनवरच्या एका नटाला नऊ-सोळाची गोटी (सॉकेट) लावून जोर मारला तर त्या नटाचे कोपरेच गेले, गोल लिमलेटची गोळी झाली त्याची. कारण तो चौदाचा होता. मिलिमीटरचा. मिस्त्री हसायला लागले. म्हणाले, खाली इंच, वर एमएम, एवढं ध्यानात ठेवा.

हे असं का, ते नंतर वाचत बसलो रात्री. जीपचं मूळ अमेरिकेतलं, ओहायोतल्या टोलेडो गावातली विलीज कंपनी, १९४१ पासून लष्करासाठी बनवलेली गाडी. १९४७ मधे महिंद्रानं मुंबईत तिचे सुटे भाग आणून जोडायला सुरुवात केली, आणि भागांबरोबर इंचही आले. पुढं डिझेल इंजिन पाहिजे झालं ते घेतलं फ्रेंच प्यूजोचं. माझ्या गाडीतलं हेच, एक्सडीपी ४.९०. नावातच सगळं सांगितलंय, चार सिलिंडर आणि ९० मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. सीसी २११२. फ्रेंच माणूस कशाला इंच वापरेल! म्हणजे माझ्या पार्किंगमधे जी उभी आहे तिचा सांगाडा अमेरिकन वळणाचा, काळीज फ्रेंच, बारसं मुंबईत, नोकरी सरकारी, आणि संसार गगनबावड्यात.

आणि लोक मला विचारायचे, काय, ओरिजिनल कंडिशनला आणणार का?

हा ओरिजिनल शब्द मला तेव्हापासून जरा टोचायला लागला. शेजारचे काका रोज संध्याकाळी फेरी मारताना थांबायचे आणि विचारायचे की मूळ रंग कुठला होता. मी म्हटलं बघू या. स्क्रेपर घेऊन पुढच्या मडगार्डवर बसलो. वर मामाचा लाल, ऑईल पेंट, ब्रशनं मारलेला, ब्रशचे दोन केस अजून आत चिकटलेले. त्याच्याखाली पांढरा. पांढऱ्याखाली परत एक पांढरा, जरा पिवळट. त्याखाली खात्याचा हिरवा. आणि सगळ्यात खाली रेड ऑक्साईड, म्हणजे परत लालच. मधेमधे लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी. लांबी किती आहे ते बघायचं असेल तर लोहचुंबक फिरवायचं, पत्रा असेल तिथं चिकटतं आणि लांबी असेल तिथं पडतं. लेकीनं फ्रीजवरचं गणपतीचं मॅग्नेट आणून दिलं. गणपती डाव्या मडगार्डवर वीतभर चालला आणि खाली पडला, परत लावला, परत पडला. तिथं पत्राच नव्हता. लांबी खरवडत गेलो तर दीड बोट जाड, आणि आत तेलाच्या डब्याचा पत्रा कापून रिव्हेट मारून बसवलेला, त्यावर अजून अर्धं सूर्यफूल शाबूत. लेक खूश झाली, म्हणाली बाबा हे तसंच ठेवा. ठेवता येणार नव्हतं, मागं सगळा गंज होता. पण तो तुकडा कापून मी गॅरेजच्या भिंतीला खिळ्यानं ठोकला.

आणि गुलाल. मजल्याचा पत्रा उचलला तर चॅसीच्या कोपऱ्यात ग्रीसमधे कालवलेला गुलाबी चिखल. मला आधी कळेना हे कुठलं केमिकल. मामाला फोन केला, तो म्हणाला, "जोतिबाचा हाय त्यो." चैत्रात यात्रेला तो दरवर्षी गावाची माणसं घेऊन डोंगरावर जायचा, येताना गाडीसकट सगळे गुलाबी. इतक्या पावसाळ्यांनी तो धुतला नव्हता. मी पण डिझेल आणि ब्रश घेऊन बसलो, नव्वद टक्के काढला, आणि उरलेला काय निघेना की मी काढला नाही, आता नीट आठवत नाही.

इंजिन मात्र मला वाटलं होतं तेवढं वाईट निघालं नाही. हेड उतरवलं, उद्यमनगरात नेलं, तिथं एका गल्लीत लेथ, दुसऱ्या गल्लीत बोअरिंग, तिसऱ्यात कास्टिंग, आपण हातात पिस्टन घेऊन नुसतं उभं राहिलं तरी चार माणसं सांगतात कुठं जायचं. खरी मारामारी झाली ती सगळं जोडून झाल्यावर. डिझेल गाडीची लाईन एकदा उघडली की ती हवा धरते आणि मग स्टार्टर कितीही मारा, इंजिन नुसतं खोकतं. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा आणि हँड पंप मारत बसायचं, आधी फुस्स, मग फेस, मग बुडबुडे असलेलं डिझेल, आणि बुडबुडे संपून सरळ धार आली की स्क्रू आवळायचा. तेवढ्यानं भागत नाही. इंजेक्टरच्या पाईपांचे नट एकेक करून सैल करायचे आणि कुणीतरी सेल्फ मारायचा. हे कुणीतरी म्हणजे बायको. ती चावीवर, मी बोनेटमधे. आधी हीटर द्यायचा, मनात वीस म्हणायचं, मग सेल्फ. (हीटर म्हणजे ग्लो प्लग, या इंजिनला थंडीत त्याच्याशिवाय जाग येत नाही.) तिसऱ्या पाईपातनं डिझेल थेट माझ्या चष्म्यावर उडालं आणि त्याच क्षणी इंजिन लागलं, आधी दोन सिलिंडरवर, मग तीन, मग चार, काळ्या धुरानं अख्खी गल्ली भरली, काका बाल्कनीतनं ओरडले, आणि आमची ही आत बसून हसतेय. त्यादिवशी तिनं स्कूटीचा विषय काढला नाही.

मॉडिफिकेशनचं सांगायचं तर माझी यादी मोठी होती. विंच (रुतलेली गाडी ओढून काढायला), रुंद टायर, पुढं जाडजूड गार्ड, वर लाईटांची पट्टी. हरियाणा-पंजाबच्या सीमेवर मंडी डबवाली म्हणून गाव आहे, तिथं जुन्या जीपा नव्या करून विकायचा मोठा धंदा आहे, तिथल्या गाड्यांचे फोटो बघून बघून माझं डोकं फिरलं होतं. मग कायदा वाचला आणि यादी आपोआप लहान झाली. पुढच्या गार्डवर २०१७ च्या डिसेंबरमधेच बंदी आली, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या गाडीत मनाला येईल ते बदल चालत नाहीत, सुप्रीम कोर्टानंही २०१९ ला तेच सांगितलं. त्यात पंधरा वर्षं झालेल्या गाडीचं पासिंग दर पाच वर्षांनी करावं लागतं, आणि त्याची फी २०२२ च्या एप्रिलमधे ६०० ची ५००० झाली होती. पाच हजार भरून गाडी दाखवायला न्यायची आणि तिथं इन्स्पेक्टरनं लाईटांच्या पट्टीकडं बोट करायचं, हा सीन मला नको होता. आणि खरं सांगू का, मला तसं कुठं जायचंही नाही. डोंगरमाथ्यावरच्या सड्यांवर गाड्या घालून नांगरल्यासारखे चर पाडणारे लोक मी बघितलेत, दुसऱ्या पावसापर्यंत ते चर बुजत नाहीत. माझं ऑफ-रोडिंग म्हणजे मामाच्या उसापर्यंतची पाणंद. तिला विंच कशाला, वेळ आली तर ट्रॅक्टर आहे की.

त्यामुळं केलं काय, तर पुढं जरा बऱ्या सीटा, बेल्ट, सगळं वायरिंग नवीन, हेडलाईटला रिले, नवीन हूड शिवून घेतलं, आणि ब्रेक. ब्रेकचं काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात गरजेचं. चारही चाकांना ड्रम. ड्रमला आतनं दाबणाऱ्या शूवरचे लायनर झिजले की शू आणि ड्रममधे फट वाढते, मग पहिल्यांदा पेडल दाबलं की ती फट भरण्यातच पेडल खाली जातं, आणि दुसऱ्यांदा दाबलं की गाडी थांबते. मामाचा तो मंत्र म्हणजे हेच होतं. नवीन शू, नवीन व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडरचं किट, आणि चारही चाकं अॅडजस्ट. आता अर्ध्या पेडलवर गाडी जागेला उभी.

रंग शेवटी लालच दिला. हिरवा द्यावा असं काकांचं मत होतं, मूळ म्हणून. पण खात्यातली वर्षं तिला कितपत आठवत असतील कोण जाणे. आणि मागचा तो आडवा पाईप, वडापवाला. पेंटर म्हणाला हा कापून टाकू, लूक बिघडवतोय. जवळून बघितलं तर पाईपवर रंग नव्हताच, मधला हातभर भाग नुसता हातांनी घासून घासून चकचकीत झालेला, स्टीलच्या पेल्यासारखा, आणि दोन्ही टोकांना गंज. म्हटलं टोकं रंगव, मधे हात लावू नको.

मे महिन्यात घेऊन गेलो गावाला. मामा दारातच उभा होता. गाडीभोवती एक चक्कर मारली, बोनेटवर टिचकी मारून आवाज ऐकला, मागं जाऊन पाईप धरून बघितला, काही बोलला नाही. मग म्हणाला, सरक. मी शेजारच्या सीटवर सरकलो, बेल्ट लाव म्हटलं तर लावला नाही, हातात मामीनं दिलेला चहाचा कप तसाच. एका हातानं स्टेअरिंग, पाणंदीला लागलो, पुढं वळणावर एक म्हैस आडवी. मामाचा पाय सवयीनं दोनदा दाबायला गेला. पहिल्यालाच गाडी थांबली, सगळा चहा त्याच्या धोतरावर आणि टोपी डॅशबोर्डवर.

म्हैस शांतपणे गेली. मामानं टोपी उचलून झटकली, डोक्यावर ठेवली, पेडलकडं बघितलं आणि म्हणाला, "बिघडवलास की रं गाडी."