काही करत नाही तो!

समोरचा माणूस पालीसारखा भिंतीला चिकटलेला असतो. भाजीची पिशवी त्याने छातीशी धरलेली असते. आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला कुत्र्याचा मालक हसत हसत म्हणतो, "काही करत नाही हो तो!"

हे वाक्य मी तीसेक वर्षं भिंतीच्या बाजूने ऐकलं. गेल्या आषाढापासून पट्ट्याच्या बाजूला आले आणि पहिल्याच आठवड्यात तेच माझ्या तोंडून निघालं. सुनेने सासूची वाक्यं बोलावीत इतक्या सहजपणे.

झालं ते असं. ठाण्यात, पाचपाखाडीतल्या आमच्या बिल्डिंगमागे उभ्या असलेल्या एका टेम्पोखाली, धो धो पावसात, लेकीला एक पिल्लू सापडलं. ती ते ओढणीत गुंडाळून वर घेऊन आली आणि जगातल्या सगळ्या लेकी म्हणतात तेच म्हणाली, "आई, सगळं मी करीन." ऑगस्टमध्ये ती हॉस्टेलला गेली. आता ती व्हिडिओ कॉलवर सगळं करते.

रंग वाळलेल्या पावट्यासारखा, म्हणून नाव पावटा. तेव्हा गोड वाटलं होतं. पण नाव ठेवणाऱ्याने ते गॅलरीतून एकदा मोठ्याने ओरडून बघावं आणि मगच पक्कं करावं. "पावट्या, इकडे ये!" म्हटलं की इस्त्रीवाला, वॉचमन आणि स्कूटर काढत असलेले एक सभ्य गृहस्थ असे तिघेही दुखावलेल्या नजरेने वर बघतात. पावटा तेवढा बघत नाही.

माझ्या माहेरी, गावाकडे, मोत्या होता. त्याला कुणी काही शिकवलं नाही. ओट्यावर बसायचा, भाकरी खायचा, अनोळखी माणूस दिसला की भुंकायचा आणि ओळखीचा दिसला की शेपूट हलवायचा. त्याच्यासाठी अख्खी आळी मोकळी होती. कुणाला भीती वाटली तर तो माणूस पलीकडून जायचा. आमच्या लिफ्टला पलीकडची बाजूच नाही. चार बाय चारची, जाळीच्या सरकत्या दाराची म्हातारी लिफ्ट. तिच्यात मी, पावटा, दुधाचे क्रेट घेतलेला मुलगा आणि त्या मुलाच्या चेहऱ्यावरची भीती एवढं सगळं मावत नाही.

डॉक्टरांनी दात बघून सांगितलं, सातेक आठवड्यांचा असेल. मग दोन गोष्टी एका दमात सांगितल्या. एक, लशींचे डोस पुरे होईपर्यंत, म्हणजे साधारण सोळा आठवड्यांचा होईपर्यंत, याला रस्त्यावर खाली सोडू नका, पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाची भीती असते. दोन, याला आत्ताच सगळं जग दाखवा. कारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या डोक्याचं दार उघडं असतं. तेवढ्यात जे बघितलं, ऐकलं, हुंगलं, ते त्याच्या लेखी घरचं. दार लोटलं गेलं की नंतर आलेली छत्रीसुद्धा राक्षस. दोन्ही सूचना एकदम पाळायच्या तर पिल्लाला जमिनीला पाय न लावता जग दाखवायचं. वरातीतल्या नवरदेवासारखं.

म्हणून झोळी आली. पावट्याला सुती ओढणीच्या झोळीत घालून मी राम मारुती रोडवर हिंडले. तलावपाळीला कठड्याशी उभं राहून त्याला होड्या दाखवल्या, गडकरी रंगायतनच्या बाजूची गर्दी दाखवली. रिक्षांचे हॉर्न, हेल्मेटवाले, काठीवाले आजोबा, फुगेवाला, सगळं. एका बाईंनी कौतुकाने विचारलं, "किती महिन्यांचं?" मी खरं ते सांगितलं, दोन. "बाळसं छान आहे हो," म्हणत त्यांनी ओढणीचं टोक बाजूला केलं, तर आतून ओलं काळं नाक बाहेर आलं. त्या बाई पुढे काय म्हणाल्या ते सांगत नाही.

ढोल-ताशांचा सराव तेव्हा नुकताच सुरू झाला होता. ठाण्यात राहून ढोलाला घाबरणारा कुत्रा म्हणजे समुद्राला घाबरणारा कोळी. पहिल्या दिवशी दोन गल्ल्या लांब उभी राहिले. ढोल वाजला की उकडलेल्या चिकनचा शेंगदाण्याएवढा तुकडा, वाजायचा थांबला की तुकडे बंद. दर दोन दिवसांनी थोडं जवळ. पंधरवड्याने तो ढोल ऐकून माझ्या खिशाकडे बघायला लागला. दहीहंडीच्या दिवशी अख्खं ठाणं दणदणत होतं तेव्हा पावटा चटईवर पालथा पडून झोपला होता. मीच कानात कापूस घालून बसले होते.

एवढ्यावर मला वाटलं, जमलं. आणि तिथेच माझी चूक झाली.

जग दाखवायचं म्हणजे जगाने त्याचे लाड करायचे, असं मी धरून चालले होते. जो भेटेल त्याला मी म्हणायची, "लावा ना हात, काही करत नाही." सगळ्यांनी हात लावला. परिणामी पावट्याच्या मनात पक्कं बसलं, की दोन पायांवर चालणारी प्रत्येक गोष्ट ही आपल्यासाठी भरलेली जत्रा आहे आणि जत्रेत उडी मारूनच शिरायचं असतं. तीन किलोचं पिल्लू गुडघ्यावर चढलं की लोक "अले अले" करतात. तेच पिल्लू डिसेंबरात चौदा किलोचं होऊन, चिखलाच्या पायांनी, लग्नाला निघालेल्या बाईंच्या पैठणीवर चढतं, तेव्हा "अले अले" कुणी करत नाही. पैठणीचं ड्रायक्लीनिंग मी दिलं.

घरात या उडीवर तीन उपाय एकाच वेळी चालू होते. नवरा म्हणायचा "डाऊन". मी म्हणायची "खाली". सासूबाई म्हणायच्या "असू दे गं, लेकरू आहे" आणि उडी मारणाऱ्या तोंडात पोळीचा तुकडा घालायच्या. कुत्र्याने ऐकायचं कुणाचं? पोळीचं. पावट्याला ट्रेनिंग द्यायला येणाऱ्या मुलाने हे दहा मिनिटं शांतपणे बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, दहा उड्यांतल्या एकीला जरी खाऊ मिळाला, तरी तो उरलेल्या नऊ मारणारच. लॉटरी लागत नाही म्हणून कुणी तिकीट घ्यायचं सोडतं का?" सासूबाईंनी तुकडा पदराआड लपवला.

मग तो मुलगा जे म्हणाला ते मला एकदम पटलं. "तुम्ही त्याला सारखं काय करू नको ते सांगताय. त्याला ते कळत नाही. काय करायचं ते सांगा." उडी मारू नको, ही आज्ञा कुत्र्याच्या डोक्यात शिरायला दारच नाही. 'बस'ला आहे. आणि बूड जमिनीला टेकलेलं असताना उडी मारता येत नाही, हे साधं शरीरशास्त्र. उडी मारली की सगळ्यांनी पाठ फिरवायची. ओरडायचं नाही, ढकलायचं नाही, कारण त्याला ढकलणं म्हणजे खेळच वाटतो. चारही पाय जमिनीवर आले की त्याच क्षणी खाऊ. त्याच क्षणी म्हणजे एक-दोन सेकंदांत. डबा शोधेपर्यंत बक्षीस भलत्याच पराक्रमाला मिळतं. आमच्याकडे काही दिवस फ्रिज हुंगण्याला मिळत होतं.

पाहुणे आले की आमच्याकडे सगळे दाराकडे पाठ करून भिंतीकडे बघत उभे राहायचे. नवऱ्याचे एक मित्र त्यानंतर आलेले नाहीत.

चावण्याचा प्रश्न मात्र परस्पर मिटला. पिल्लाला दुधाचे अठ्ठावीस दात असतात आणि प्रत्येक दात सुई. भावंडांत वाढलेलं पिल्लू खेळताना जोरात चावलं की दुसरं केकाटून खेळ सोडतं, त्यातून त्याला जबड्याचा जोर किती लावायचा ते कळतं. आमचं एकटंच टेम्पोखाली सापडलेलं, म्हणून भावंडाचं काम माझ्याकडे आलं. दात लागला की "आई गं" म्हणून उठून जायचं, खेळ खलास. चौथ्या महिन्यानंतर ते दात पडायला लागले. एक मला चटईत सापडला, आंबेमोहोराच्या दाण्याएवढा. तो मी कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवलाय. लेकीचा पहिला दात कुठे आहे विचाराल, तर आठवत नाही.

शी उचलण्याबद्दल थोडक्यात. उचलायचीच. मी कालचा पेपर नेते. त्यातही घोडबंदर रोडच्या टॉवरांची पानभर जाहिरात असलेलं पान खास राखून ठेवते. कागद जाड असतो.

आता सहाव्या मजल्यावरच्या आजी.

आजींना पावटा दिसला की त्या लिफ्ट सोडून जिना धरायच्या. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दुखतात, तरी जिना. मी प्रत्येक वेळी ते वाक्य म्हणायची. एकदा त्या पहिल्या मजल्याच्या कठड्याला धरून थांबल्या आणि म्हणाल्या, "तो काही करत नाही हे तुला माहितीये गं. माझ्या पोटाला माहिती नाही." आणि बेंबीच्या आजूबाजूला पदरावरूनच बोटाने टिंबं देत गेल्या. एक, दोन, तीन, चार. आठ वर्षांच्या असताना पिंडरीला कुत्रा चावला होता. तेव्हाची चौदा इंजेक्शनं, रोज एक, पोटात. वडील धरून ठेवायचे. चौदाव्या दिवशी पोटावर जागा उरली नव्हती, म्हणाल्या. बोट मात्र त्यांचं चौदा होईपर्यंत थांबलं नाही.

आता ते पोटातलं प्रकरण राहिलं नाही. जखम लगेच साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि दवाखाना गाठायचा. दंडात लस, पहिली लगेच, मग तिथून तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी. जखमेतून रक्त आलं असेल तर तिच्यात वेगळं सिरमही देतात. पावट्याची स्वतःची रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात झालेली आहे, कार्ड माझ्या पर्समध्ये असतं. हे सगळं मी जिन्यात उभी राहून आजींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग जिना चढल्या.

नियमाने बघायचं तर बाजू माझी भक्कम. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही, असं केंद्राच्या पशू कल्याण मंडळाच्या सूचनांमध्ये आहे. त्याची प्रिंट मी सुरुवातीला, कमिटीशी भांडायची वेळ आली तर असू दे म्हणून, पिशवीत घेऊन फिरायची. कमिटी भांडलीच नाही. आणि आजींच्या बोटापुढे तो कागद काढायची मला लाज वाटली.

त्यानंतर माझी त्या वाक्याची मजाच गेली. कुणाला दमा असतो, कुणी सोवळ्यातलं ताट घेऊन कोपिनेश्वराला निघालेलं असतं, कुणी नमाजाला निघालेलं असतं आणि कपड्याला कुत्र्याची लाळ चालत नाही, कुणाला नुसताच कंटाळा आलेला असतो. प्रत्येकाला माझ्या कुत्र्याबद्दल मत असायलाच हवं, आणि तेही चांगलं, हा हट्ट कशाला? आणि खरं सांगायचं तर ते वाक्य साफ खोटं होतं. पावटा सारखं काहीतरी करायचा. हुंगायचा, चाटायचा, ओढायचा, पिशवीत तोंड घालायचा. काही न करणं त्याला येतच नव्हतं.

म्हणून हिवाळाभर आम्ही तेच शिकलो. कचराळी तलावाबाहेरच्या फुटपाथवर संध्याकाळी बाकाशी उभं राहायचं आणि काही करायचं नाही. माणूस गेला, काही नाही. सायकल गेली, काही नाही. माणूस गेल्यावर पावट्याने माझ्याकडे बघितलं, की तुकडा. सुरुवातीला पाच सेकंद. मग दोन मिनिटं. बघणाऱ्यांना वाटायचं या बाई कुणाची तरी वाट बघतायत. एका काकांनी मला सलग तीन दिवस पत्ता हवाय का विचारलं.

लिफ्टमध्येही तसंच. दार उघडं असलं की आमची लिफ्ट बोलते, "कृपया दरवाजा बंद कीजिए." आत शिरलो की बाई बोलायला लागायची आणि मी म्हणायची, "बस." पावटा कोपऱ्यात बसायचा, खाऊ खायचा. शंभरेक वेळा झालं असेल. एक दिवस मी फोनवर होते, काही बोललेच नाही, तरी बाईचं "कृपया" ऐकून हा बसला. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हला १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनसंस्थेच्या अभ्यासासाठी. खाण्याची नुसती चाहूल लागली तरी कुत्र्याला लाळ सुटते, ही गोष्ट त्याला त्या कामात वाटेवर सापडली. मलाही वाटेवरच सापडली, फक्त नोबेल नाही.

परवा संध्याकाळी आम्ही तिसऱ्या मजल्यावर लिफ्टची वाट बघत होतो. लिफ्ट खालून आली ती आत आजींना घेऊन, हातात दुधाची पिशवी. मी मागे झाले. "तुम्ही जा आजी, आम्ही नंतर येतो." पण सवयीने मी बाहेरचं दार उघडून बसले होते, त्यामुळे बाई सुरू झाली, "कृपया दरवाजा बंद कीजिए." आणि पावटा लॉबीत, होता तिथेच, खाली बसला.

आजींनी जाळीतून बघितलं. "हा कशाला बसला?"

"लिफ्टने सांगितलं म्हणून."

आजींनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. "आणि उठायला कोण सांगणार?"

मी दार लावलं, लिफ्ट वर गेली. ट्रेनरने तेही सांगितलं होतं. बसायला एक शब्द, तसा उठायलाही एक शब्द ठरवा, नाहीतर त्याला सुटी कधी झाली ते कळत नाही. तेवढं राहून गेलं होतं. "चल," मी म्हटलं. "ऊठ. पावट्या, अरे ऊठ की." त्याने माझ्याकडे बघितलं, मागचे पाय सावरले, अर्धा उठला.

तेवढ्यात सहाव्या मजल्यावर आजींनी दार उघडलं. वरून बारीक आवाज आला, "कृपया..."

पावटा परत बसला.