कुंडीतले वाळुंज

१४ डिसेंबर, रविवार

आज वाळुंजाचे, म्हणजे नदीकाठी वाढणाऱ्या आपल्या देशी विलोचे, तिसरे रोप मोठ्या कुंडीत हलवले. जुनी कुंडी आडवी करून कितीही थापटली तरी मातीचा गड्डा सुटेना, म्हणून खाली पाहिले तर पाणी जाण्याच्या भोकातून मुळ्या बाहेर पडून ताटलीभर पसरल्या होत्या. त्या कापणे जिवावर आले, म्हणून शेवटी कुंडीच फोडली आणि तिच्या खापऱ्या नव्या कुंडीच्या तळाशी घातल्या.

दीड वर्षापूर्वी, जूनमध्ये, मुळा नदीच्या काठी वाऱ्याने मोडलेली वाळुंजाची एक फांदी मिळाली होती. तिचे पेन्सिलीएवढ्या जाडीचे, वीतभर लांबीचे सहा तुकडे करून, डोळे वरच्या दिशेला ठेवून, ते पाण्याच्या बरणीत उभे केले. या कुळातील झाडांच्या सालीखाली मुळ्यांचे अंकुर बहुधा आधीपासूनच तयार असतात. पुरात तुटलेली फांदी ओल्या गाळात रुतली की तिचे झाड होते, ते त्यामुळेच. दहाव्या दिवशी सालीवर पांढरे ठिपके दिसले, तेव्हा मी घरातल्या सर्वांना बोलावून ते दाखवले. दोन तुकडे कुजले, चार जगले. निम्मा पोयटा, थोडे शेणखत आणि उन्हाळ्यात दिवसातून दोन वेळा पाणी, एवढेच त्यांचे मागणे. डास होऊ नयेत म्हणून ताटली मात्र आठवड्यातून एकदा कोरडी करावी लागते.

विलो म्हटले की आपल्याला काश्मीर आणि क्रिकेटची बॅट आठवते. सॅलिक्स टेट्रास्पर्मा, म्हणजे आपला वाळुंज, हा त्याच प्रजातीतला असून आपल्याच नद्यांच्या काठी वाढतो, हे सांगावे लागते याचे मला वाईट वाटते. त्याच्या पानांची खालची बाजू पांढुरकी असते, त्यामुळे झुळूक आली की सारे रोप क्षणभर उजळते.

एक गोष्ट मात्र आज प्रथमच नीट ध्यानात आली. वाळुंजाची नर आणि मादी झाडे वेगळी असतात. माझी चारही रोपे एकाच फांदीची, म्हणजे एकाच झाडाची, असल्याने ती सगळी नर तरी असतील किंवा सगळी मादी तरी. कोणती, ते पहिला तुरा येईपर्यंत कळणार नाही. पुढे गावच्या ओढ्याकाठी ती लावायची आहेत, आणि तिथे त्यांचे कापसासारखे बी उडावे असे वाटत असेल तर दुसऱ्या झाडाची फांदी आणायलाच हवी. तेव्हा येत्या फुलोऱ्यात मुळेच्या काठी जाऊन, प्रत्येक झाडाचा तुरा जवळून पाहून, नर कोणता आणि मादी कोणती याची नोंद या वहीत करायची आहे.